‘हट्टी’ हा शब्द खोडल्यावर
(नव्या वर्तन-साहाय्यकांसाठीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

पेडण्याची एक मुलगी चिखलीला मामाकडे राहून कामाला लागली होती. सड्यावरच्या एका घरात सहा वर्षांच्या मुलाबरोबर ती रोज दोन तास बसायची. पहिल्या आठवड्याच्या शेवटी तिनं मला वही दाखवली. वहीत तीन वाक्यं होती. ‘मुलगा हट्टी आहे. आई फार लाड करते. आज मूड नव्हता.’ अक्षर सुरेख. मी तिन्ही वाक्यांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि विचारलं, “तू तिथे होतीस ना? मग काय घडलं ते कुठे आहे?”

“हेच तर घडलं, टीचर.”

पुढच्या आठवड्यात तीच वही अशी होती: ‘४.४०. पोदेराचा भोंपू वाजला. मुलगा चटईवरून उठला, दाराकडे धावला, कडी ओढली. दाराला कुलूप. आई आतून म्हणाली, मागीर (नंतर). मुलगा खाली बसला, कपाळ दारावर आपटलं, चार वेळा. आई आली, बिस्किटाचा पुडा दिला. आपटणं थांबलं. आई आत गेली. सगळं मिळून सव्वा मिनिट.’

यात एकही विशेषण नाही. कोण चांगलं, कोण वाईट, कोणाचं चुकलं याचा निवाडा नाही. तरीही पहिल्या तीन वाक्यांपेक्षा या नोंदीतून त्या घराबद्दल कितीतरी जास्त कळतं, आणि उद्या काय करून बघायचं याचा धागाही सापडतो. या पुस्तिकेतली पुढची प्रकरणं म्हणजे खरं तर या सात-आठ ओळींवरचं भाष्य आहे.

इंग्रजीत या कामाला ‘बिहेवियर टेक्निशियन’ म्हणतात. ‘तंत्रज्ञ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विजेचा मीटर उघडून बसलेला माणूस येतो, म्हणून आम्ही ‘वर्तन-साहाय्यक’ म्हणतो. योजना आखतो तो वर्तन-विश्लेषक. मुलाशेजारी बसून ती योजना राबवायची, मोजायचं आणि लिहायचं, हे साहाय्यकाचं काम. मुलं बहुधा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली, किंवा बौद्धिक विकास मंद असलेली. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांत पेडणे, डिचोली, सत्तरीच्या मुली जास्त. त्यांची प्राथमिक शाळा मराठी माध्यमाची, हायस्कूल इंग्रजी, घरी कोकणी. इंग्रजी पुस्तकातल्या व्याख्या त्या घडाघडा म्हणतात आणि कोणाच्या तरी ओसरीवर पाय ठेवला की विसरतात. त्यातली हुशार मुलगीसुद्धा ‘रीइन्फोर्समेंट’ची व्याख्या सांगून लगेच म्हणते, “पण टीचर, तो हट्टीच आहे.” विचार ज्या भाषेत होतो त्या भाषेत विषय उतरला नाही, तर तो परीक्षेपुरताच उरतो. ही पुस्तिका मराठीत असण्याचं कारण एवढंच.

तर ‘हट्टी’. हा शब्द वहीत का नको? तो वाईट आहे म्हणून नव्हे. घरात आपण सगळेच तो वापरतो, आणि माझ्या आईनं माझ्यासाठी आयुष्यभर वापरला. अडचण अशी, की तो उत्तर असल्याचा आव आणतो. मुलगा डोकं का आपटतो? हट्टी आहे म्हणून. हट्टी आहे हे कशावरून? डोकं आपटतो त्यावरून. घाण्याच्या बैलासारखे आपण गोल फिरून जिथल्या तिथे. ‘आळशी’, ‘लाडावलेला’, ‘लक्ष वेधून घेणारा’, ‘मूड नसलेला’ हे सगळे त्याच घाण्याचे. निदानाचा शब्दसुद्धा पुष्कळदा तसाच वापरला जातो. ‘ऑटिझम आहे म्हणून चावतो’ असं म्हटलं की पुढे बघण्यासारखं काही उरत नाही. आणि शेजारच्या गल्लीत ऑटिझम असूनही न चावणारं मूल असतं, त्याचं काय?

विश्लेषक विचारतो ते साधं असतं. हे व्हायच्या आधी काय झालं, मुलानं नेमकं काय केलं, आणि लगेच नंतर काय बदललं? पूर्वघटना, वर्तन, परिणाम. वहीत तीन रकाने आखायचे ते यासाठी. मधल्या रकान्यासाठी एक कसोटी आहे. ऑग्डन लिंडस्ली या अमेरिकी विश्लेषकानं ती सुचवली आणि ऐकायला विचित्र असली तरी ती कधी फसत नाही: मेलेला माणूस जे करू शकतो ते वर्तन नव्हे. ‘वीस मिनिटं गप्प बसणं’ हे ध्येय ठेवलंत तर मुडदा पहिला नंबर घेईल. मुलानं काय करू नये याऐवजी काय करावं हे लिहा. ‘पाणी हवं असेल तेव्हा पेल्याकडे बोट दाखवणं’ हे मुडद्याला जमत नाही.

आता पोदेर. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर हा सायकलीवर टोपली बांधून दारोदार पाव, उंडे, पोयी विकत फिरणारा पाववाला. त्याचा रबरी भोंपू लांबून ऐकू येतो. एकाच भोंपूनं त्या मुलात दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या की या शास्त्राचं अर्धं दार उघडलं. एक, त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. हे पावलोवचं क्षेत्र. कुत्र्याला अन्नाआधी पुन्हापुन्हा तीच खूण मिळाली की नुसत्या खुणेनं लाळ सुटते. लाळ काही ठरवून सोडता येत नाही. दुसरी गोष्ट, तो दाराकडे धावतो. इथे भोंपूनं त्याला ढकललेलं नाही. आजवर भोंपू वाजल्यावर धावलं की हातात गरम उंडा पडला आहे. दुपारी दोन वाजता धावून काही मिळत नाही, म्हणून दोन वाजता तो धावत नाही. आता धावण्यात अर्थ आहे, एवढंच भोंपू सांगतो. थॉर्नडाइकनं १८९८ मध्ये पिंजऱ्यातल्या मांजरांवरून जे मांडलं, की ज्या कृतीचा परिणाम समाधानकारक ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते, ते याच बाजूचं. बी. एफ. स्किनरनं १९३८ च्या पुस्तकात त्याला रीतसर शास्त्राचं रूप दिलं. मराठी पाठ्यपुस्तकं पावलोवच्या प्रकाराला अभिजात अभिसंधान म्हणतात आणि स्किनरच्या प्रकाराला साधक अभिसंधान. शब्द जड आहेत, पण लाळ आणि धाव एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

यात एक तिसरी गोष्टही आहे आणि नवे साहाय्यक ती हटकून विसरतात. मुलानं नुकतीच पेज खाऊन ताट चाटून पुसलेलं असेल, तर भोंपू वाजून विरून जातो आणि तो चटईवरून हलतही नाही. भोंपू तोच, दार तेच, पाव तोच. बदललं ते पोट. म्हणून सत्राला बसण्यापूर्वी आईला विचारायचं: झोपला किती, खाल्लं काय, शौचाला झालं का. पोट साफ नसलेल्या मुलाला रंग ओळखायला शिकवण्यात मी एकदा अख्खा आठवडा घालवलेला आहे.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो प्रबलनाचा. ‘रीइन्फोर्समेंट’ला हा पाठ्यपुस्तकी शब्द आहे. तो मुलींना आवडत नाही, त्या ‘बक्षीस’ म्हणतात, आणि चूक तिथेच सुरू होते. बक्षीस देणाऱ्याच्या मनात असतं. प्रबलन आहे की नाही हे पुढे काय होतं त्यावर ठरतं. वर्तनानंतर काहीतरी घडलं आणि पुढे ते वर्तन वाढलं, तरच ते प्रबलन. नाही वाढलं तर तुम्ही चॉकलेट दिलंत, प्रबलन नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात एका मुलानं बरोबर कार्ड उचललं की मी जोरात टाळ्या वाजवून ‘शाब्बास!’ म्हणायचे. शेजारणीनं खिडकीतून डोकावावं इतक्या जोरात. आठ दिवसांनी आलेख काढायला बसले तर रेघ खाली जात होती. मी अजून जोरात टाळ्या वाजवल्या. माझ्या प्रत्येक टाळीला तो कानांवर हात नेत होता हे वहीत कुठेच नव्हतं, कारण मी फक्त त्याच्या हातातलं कार्ड बघत होते. माझ्या मते ते कौतुक होतं, त्याच्या बाजूनं ती शिक्षा होती. आणि शास्त्राच्या भाषेतही ती शिक्षाच, कारण शिक्षेची व्याख्यासुद्धा परिणामावरूनच ठरते: जिच्यामुळे वर्तन कमी होतं ती शिक्षा.

‘ऋण प्रबलन’ म्हणजे शिक्षा, असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्यांची संख्या दरवर्षी तेवढीच असते. ऋण म्हणजे वजा. काहीतरी त्रासदायक निघून गेलं आणि त्यामुळे वर्तन वाढलं, ते ऋण प्रबलन. पुन्हा त्या ४.४० च्या नोंदीकडे या. मुलाला बिस्किट मिळालं, हे धन प्रबलन. ते सगळ्यांना दिसतं. आईला काय मिळालं? कपाळ आपटण्याचा आवाज थांबला. एका सेकंदात घर शांत. दुसऱ्या दिवशी ती बिस्किटाचा पुडा अधिक लवकर काढेल. म्हणजे मुलगाही आईला शिकवतो आहे, आणि आपण शिकवतो त्यापेक्षा चोख, कारण त्याचा परिणाम लगेच येतो आणि दर वेळी येतो. ‘आई फार लाड करते’ या वाक्यात हे सगळं झाकलं गेलं होतं. ती लाड करत नव्हती. कपाळ फुटू नये म्हणून तिला त्या क्षणी जे सुचलं ते तिनं केलं.

मग साहाय्यकाचं काय? मुलगा किंचाळला की तुम्ही कोडं बाजूला सारता आणि म्हणता, “चल, ब्रेक घेऊ.” किंचाळणं थांबतं. पुढच्या खेपेला तुमचा हात कोड्याकडे आपोआप लवकर जातो. या पुस्तिकेत मला एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती ही: तीन रकान्यांत मुलाच्या आधी आणि नंतर जे येतं ते बहुतेक वेळा तुम्ही असता. वही मुलाच्या नावाची, पण तिच्यातलं निम्मं वर्तन मोठ्यांचं. आपण बाहेर उभं राहून निरीक्षण करणारे तटस्थ लोक आहोत, हा भ्रम पहिल्या महिन्यात गेला तर बरं.

परिणाम येणं बंद झालं तर काय होतं, हे स्किनरला यंत्र बिघडल्यामुळे सापडलं. १९५६ च्या एका लेखात त्यानं स्वतःच ते सांगितलं आहे. उंदीर दांडी दाबायचा, की खाण्याची गोळी पडायची. एकदा गोळ्या सोडणारं यंत्र अडकलं, उंदीर दाबत राहिला, आणि कागदावर एक नवीच वक्ररेषा उमटली. हे विलोपन. आणखी एकदा शनिवारी दुपारी गोळ्या संपत आल्या. नव्या गोळ्या तयार करत बसायचा कंटाळा, म्हणून प्रत्येक दाबाला गोळी न देता मिनिटातून एकदाच द्यायची असं त्यानं ठरवलं. उंदीर थांबला नाही. दाबतच राहिला. अधूनमधून मिळणाऱ्या फळाची ताकद अशी कळली, आणि १९५७ मध्ये फर्स्टरबरोबर त्यानं त्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आम्हा मुरगावकरांना तो वाचायची फारशी गरज नाही. खारीवाड्याच्या बाजूला धक्क्यावर संध्याकाळी गरी टाकून बसलेली माणसं बघा. मासा कधी लागेल सांगता येत नाही, म्हणूनच ती उठत नाहीत. दर पाच मिनिटांनी नेमानं मासा लागत असता, तर दहाव्या मिनिटाला रिकामी गरी बघून माणूस घरी गेला असता.

आता हेच घरात आणा. आईला कोणीतरी सांगितलं, लक्ष देऊ नकोस, आपोआप थांबेल. तिनं तीन दिवस लक्ष दिलं नाही. विलोपन सुरू झालं की वर्तन आधी उसळतं. जोर वाढतो, संख्या वाढते, आजवर न केलेले प्रकार निघतात. लिफ्टचं बटण चालत नसेल तर आपण एकदा दाबून थांबतो का? चौथ्या दिवशी कपाळावर टेंगूळ आलं, आईच्या पोटात कालवलं आणि तिनं बिस्किट दिलं. आता मुलगा काय शिकला? चार वेळा आपटून काही होत नाही, पंधरा वेळा आपटावं लागतं. ती गरीवरची माणसं आणि हा मुलगा एकाच रांगेत येऊन बसले. म्हणून पुस्तिकेत जाड अक्षरांत छापलेला नियम पुन्हा इथे लिहिते: स्वतःला इजा करणाऱ्या कोणत्याही वर्तनाकडे आपल्या मनानं दुर्लक्ष करायला सुरुवात करू नका. फोन उचला आणि विश्लेषकाला विचारा.

दुर्लक्ष अपुरं का पडतं, याचंही कारण आहे. डोकं आपटण्यानं त्या मुलाचं काहीतरी काम होत होतं. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या मुलांची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा दिसलं की वरून सारखंच दिसणारं वर्तन एका मुलात कामातून सुटका मिळवण्यासाठी चालतं, दुसऱ्यात कोणी जवळ यावं म्हणून, तिसऱ्यात कोणीही खोलीत नसताना, निव्वळ त्या संवेदनेसाठी. हवी असलेली वस्तू मिळवणं हा चौथा प्रकार, आपल्या बिस्किटवाल्याचा. एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला उलटा लागतो. कामातून सुटका हवी असलेल्या मुलाला कोपऱ्यात नेऊन बसवलंत, तर त्याला हवं तेच तुम्ही दिलंत. १९८५ मध्ये कार आणि ड्युरंड यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं: ज्या कामासाठी मूल ओरडतं तेच काम एका शब्दानं किंवा खुणेनं होऊ द्या, ओरडण्याची गरज उरत नाही. आमच्याकडे हा शब्द ठरवताना एक गंमत होते. शिकवणारी मराठी शाळेतली, म्हणून ती ‘नको’ शिकवते. घरात सगळे ‘नाका’ म्हणतात. मूल सत्रात ‘नको’ म्हणतं, आजीला तो शब्द पोचत नाही आणि पुन्हा चावा बसतो. ज्या घरात जाल तिथला शब्द घ्या. ‘जाय’, ‘नाका’, ‘पुरो’. बायणेत कन्नड बोलणारं घर असेल तर त्यांचा शब्द विचारून घ्या.

मदत कशी द्यायची आणि कशी काढून घ्यायची, हे प्रकरण मी स्वतः लिहिलं आहे, आणि ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे डिचोलीकडच्या जत्रेतली नाटकं होती. इंग्रजीत या मदतीला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे रंगमंचावरून केव्हाच आला आहे. गावच्या मंडळाचं नाटक, तालमी जेमतेम आठ, आणि विंगेत बॅटरी घेऊन संहितेवर वाकलेला प्रॉम्प्टर. चांगला प्रॉम्प्टर नटाचा श्वास ऐकतो. नट आठवण्यासाठी थांबला की नाट्यपूर्ण विराम घेतोय, हे त्याला कळतं. वाईट प्रॉम्प्टर प्रत्येक वाक्य आधीच म्हणतो. मग प्रेक्षकांना संवाद दोनदा ऐकू येतो आणि नट पाठ करायचंच सोडून देतो, कारण त्याची गरज उरलेली नसते. मला आठवतं, एका राजाच्या भूमिकेतला गृहस्थ दरबार सोडून विंगेच्या इतका जवळ सरकला होता की शेवटी सिंहासन एकीकडे आणि राजा दुसरीकडे.

मुलांच्या बाबतीत नेमकं हेच होतं. पेला उचलायला शिकवताना आधी हातावर हात, मग मनगटाला स्पर्श, मग कोपराला, मग नुसतं बोट, मग काहीच नाही, फक्त चार सेकंद थांबणं. ते चार सेकंद सगळ्यांत अवघड. आपल्या बायकांना मूल अडलेलं बघवत नाही, हात पुढे होतोच. आणि काही मदत अशी असते जी आपण देतोय हे आपल्यालाच ठाऊक नसतं. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता. तो खूर आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्टनं १९०७ मध्ये दाखवून दिलं, की उत्तराचा आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा. मालकानं फसवलेलं नव्हतं, त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. ‘लाल दाखव’ म्हणताना तुमचे डोळे लाल कार्डाकडे जात असतील, तर मूल रंग शिकत नाही, तुमचे डोळे वाचायला शिकतं. शेजारणीला मोबाइलवर पाच मिनिटांचं चित्रण करायला सांगा आणि आवाज बंद करून स्वतःला बघा.

आकारणाबद्दल, म्हणजे थोडं थोडं करत नवं वर्तन घडवण्याबद्दल, पुस्तिकेत सविस्तर आहे. इथे फक्त डिकीचा उल्लेख करते. अमेरिकेतला साडेतीन वर्षांचा मुलगा, मोतीबिंदूसाठी डोळ्यांची भिंगं काढलेली, चष्मा लावला नाही तर दृष्टी जाणार, आणि चष्म्याला हात लावू देत नव्हता. वुल्फ, रिस्ली आणि मीस यांनी १९६४ मध्ये ही हकीगत छापली. सुरुवात झाली काचा नसलेल्या रिकाम्या चौकटींपासून, खोलीत इकडेतिकडे पडलेल्या. उचलली, मिळालं काहीतरी गोड. धरून चाललास, मिळालं. डोळ्यांजवळ नेलीस, मिळालं. वाटेत अडखळणं पुष्कळ झालं, पण शेवटी तो चष्मा लावू लागला. हे काम दिवसचे दिवस करणारी माणसं डॉक्टर नव्हती. त्याआधी १९५९ मध्ये कॅनडातल्या एका मनोरुग्णालयाचं काम आयलॉन आणि मायकेल यांनी प्रसिद्ध केलं होतं. तिथे सारा भार परिचारिकांवर होता. एक रुग्ण दिवसाला सरासरी सोळा वेळा परिचारिकांच्या खोलीत शिरायची. त्यांनी त्या वेळी तिच्याकडे लक्ष देणं थांबवलं आणि मोजत राहिल्या. सातव्या आठवड्यात सरासरी दोनवर आली. आपल्या कामाची वंशावळ शोधायची तर ती या परिचारिकांपर्यंत जाते.

डॉक्टर नसलेल्यांनी हे काम करण्याला गोव्यात वेगळाच अर्थ आहे. बांबोळीच्या सरकारी मनोविकार संस्थेच्या नावातच ‘मानवी वर्तन’ आहे. पर्वरीचं संजय स्कूल, फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान, डिचोलीचं केशव सेवा साधना ही नावं इथल्या पालकांना पाठ असतात. पण तज्ज्ञ थोडे, आणि पेडण्याच्या टोकावरून पणजी गाठायची तर दिवस मोडतो. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ संस्थेनं इथेच एक प्रश्न लावून धरला: मनोविकारातली पदवी नसलेली, पण नीट शिकवलेली आणि सतत देखरेखीखाली असलेली स्थानिक माणसं हे काम करू शकतात का? गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर त्यांनी एक चाचणी घेतली. सहा ते आठ बैठका, आणि गाभा वर्तनाचाच: माणूस काय करायचं सोडून बसला आहे ते शोधा, त्यातलं छोटंसं काहीतरी पुन्हा सुरू करा, त्यामुळे काय बदललं ते बघा. २०१७ च्या ‘लॅन्सेट’मधले आकडे सांगतात की तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ३९ टक्के. त्याच्या आदल्या वर्षी गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी ऑटिझम असलेल्या ६५ मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तीही बिगर-तज्ज्ञ कार्यकर्त्यांनी पार पाडली, पालकांना स्वतःचंच चित्रण दाखवून. ती पद्धत आपल्या शास्त्रातली नव्हे. पण तिचा निकाल मी प्रत्येक तुकडीला सांगते: पालक मुलाच्या कलानं बोलू लागले, मुलं आपण होऊन संवाद सुरू करू लागली, आणि दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचं प्रमाण मात्र घटलं. नको असलेला आकडाही त्यांनी छापला. तुमच्या वहीत तो असलाच पाहिजे.

दाखल्याबद्दल विचारणा होते म्हणून सांगते. अमेरिकेतलं वर्तन-विश्लेषकांचं प्रमाणन मंडळ १९९८ मध्ये स्थापन झालं, त्यानं २०१४ मध्ये चाळीस तासांच्या प्रशिक्षणावर आधारलेला साहाय्यकाचा दाखला सुरू केला, आणि २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांना तो नव्यानं मिळत नाही. आपल्याकडे १९९२ चा पुनर्वास परिषदेचा कायदा आहे. त्यात विशेष शिक्षक आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत, पण तुमच्या पदाला वेगळं नाव नाही. तेव्हा या पुस्तिकेतून मिळते ती ओळख, परवाना नव्हे. ‘थेरपिस्ट’ अशी पाटी दारावर लावू नका.

या शास्त्राचा एक भाग सांगताना मला संकोच वाटतो, पण तो टाळून पुढे जाणं बरं नाही. इवार लोव्हास यांनी १९८७ मध्ये छापलं की आठवड्याला चाळीस तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ जण सर्वसाधारण शाळेत जाऊ लागले. त्या निकालावर ही सगळी पद्धत जगभर पसरली. त्याच पद्धतीत मोठ्यानं ‘नो!’ म्हणणं आणि मांडीवर चापट मारणं होतं, आणि त्यांच्या त्याआधीच्या कामात विजेचे झटकेसुद्धा. अशा प्रशिक्षणातून गेलेली मुलं आता मोठी झाली आहेत आणि बोलतात, लिहितात. आम्हाला आमच्यासारखं न दिसायला शिकवलं, असं त्यांतले पुष्कळ जण सांगतात. मला हे पटतं. बोटं डोळ्यांपुढे नाचवणारा मुलगा कोणाचं काही बिघडवत नसेल, तर ते नाचवणं थांबवायची योजना माझ्याकडे सहीला येऊ नये. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं ऑटिझमला एकवीस अपंगत्वांच्या यादीत घेतलं, पण हक्काचा प्रश्न त्याच्याही आधी, चटईवर येतो. मूल उठून गेलं तर त्याला ओढून आणणार आहात का?

हीच गोष्ट घरातल्या खासगीपणाची. आपलं गाव लहान. कदंबच्या बसमध्ये तुमच्या पुढच्या सीटवर त्या मुलाची आत्या असू शकते. मुलाचा फोटो स्टेटसला लावायचा नाही, कितीही गोड असला तरी. चतुर्थीला घरच्यांनी ताट वाढलं तर काय करायचं, यावर आमची बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, नेवऱ्या खायच्या, पाकीट घ्यायचं नाही.

मोजण्याबद्दल एक युक्ती. सत्रात दर वेळी पेन काढता येत नाही. उजव्या खिशात वीस चणे ठेवा, वर्तन झालं की एक डाव्या खिशात. मुलानं चणे खाल्ले तर तेवढी नोंद करा. उपाय सुरू करण्यापूर्वी निदान तीन-चार दिवस नुसतं मोजा, नाहीतर सुधारलं की नाही हे कशाशी ताडून बघणार? १९६८ मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी या उपयोजित शास्त्राची लक्षणं मांडली. माणसाच्या जगण्यात फरक पडला पाहिजे, आणि तो मोजता आला पाहिजे, हे त्यातलं मला सगळ्यांत उपयोगी पडलेलं.

आता त्या सड्यावरच्या मुलाचं काय झालं ते. पाव हवा असेल तर ‘जाय’ आणि नको असेल तर ‘नाका’, एवढंच आम्ही धरलं. ‘जाय’ नवव्या दिवशी आलं, भोंपू वाजल्यावर, कडीला हात लावून. त्या संध्याकाळी आईनं कुलूप उघडून ठेवलं होतं. ‘नाका’ला सात आठवडे लागले. तो दिवस मी स्वतः तिथे होते. मी पुढे केलेलं कोडं त्यानं एका बोटानं ढकललं, माझ्याकडे न बघता म्हणाला, “नाका.” मी कोडं उचलून फळीवर ठेवलं. मग चेंडू पुढे केला, “नाका.” ठेवला. चित्रांचं पुस्तक, “नाका.” पुस्तकही गेलं. त्या तासात शिकवणं असं काहीच झालं नाही. पेडण्याची मुलगी कोपऱ्यात बसून एकेक चणा या खिशातून त्या खिशात टाकत होती, आणि आई दारात उभी राहून हसावं की काळजी करावी या विचारात होती.

“टीचर, आतां सगळ्याकूच नाका म्हणटलो मगो हो!”

वहीत त्या दिवसाची नोंद आहे: नाका १२, आपटणं ०. खाली दुसऱ्या शाईत: शाळेत, नाका ०, आपटणं ३.